आज बंदूक, उद्या सुरी

शुभा, तू गेलीस आणि त्याच आठवड्यात बंदुकांचा कायदा पुन्हा बातम्यांत आला. ही काय जायची वेळ झाली? परवाना असला तरी एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात, नेमबाजीच्या क्लबात जाणाऱ्यांची तपासणी कितीदा व्हावी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. परवा सकाळी रेडिओवर एक गृहस्थ तावातावाने सांगत होते की आज संख्येवर मर्यादा आली की उद्या सरसकट बंदी येणारच. मी हातातला चहा ओट्यावर ठेवला आणि फोन उचलला. तुझ्या नावावर बोट ठेवणार तेवढ्यात लक्षात आलं. मग त्या गृहस्थांनाच रेडिओकडे बघून चार शब्द सुनावले. तुम्हाला नीट भांडताही येत नाही, हेसुद्धा सांगितलं.

इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. नेहमीचाच हॉल, गणपतीला घेतो तो. एकेक जण उठून बोलत होता. शांत स्वभावाच्या, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या डॉक्टर शुभांगीताई. मी शेजारी बसलेल्या तुझ्या नवऱ्याकडे पाहिलं. दिलीपने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते. रडतोय की हसतोय कळेना, बहुतेक दोन्ही. शांत म्हणे! भर मीटिंगमध्ये अध्यक्षांना "तुमच्या मुद्द्यात मुद्दाच नाही" असं म्हणणारी बाई तू. मलाही बोलायला उभं केलं. मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि शोकसभेत भांडायची पद्धत नाही, म्हणून जे बोलायचं ते इथे बोलते. तू उलटून बोलणार नाहीस याचाच सगळ्यात जास्त वैताग येतोय.

देश सोडून इथे आल्यावर तू वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर, मी कौन्सिलमध्ये रस्ते आणि पावसाच्या पाण्याची गटारं आखणारी इंजिनियर. एकाच रस्त्यावर राहणाऱ्या दोन मराठी बायका, तू वर, मी पाच घरं खाली. एका शनिवारी तू दारात आलीस आणि म्हणालीस, "आज दुपारी, आर्वोला, काय करतेयस? काही नाही ना? चल मग, तुला एक गंमत दाखवते." मला वाटलं, कुठेतरी भाजी स्वस्त मिळत असेल. तू मला नेलंस ते डोंगरामागच्या रायफल रेंजवर.

मी घाबरून गाडीतच बसणार होते. आणि तिथे काय, तर सातआठ म्हातारे गोरे, थर्मासमधली कॉफी, घडीच्या खुर्च्या आणि कानांवर ते मोठे हेडफोन. तू चटईवर पालथी पडलीस, केसांची क्लिप नीट केलीस आणि नेम धरलास. पुण्यात कॉलेजमध्ये एनसीसीत शिकलेली, इतक्या वर्षांनी इथे पुन्हा सुरू केलेली. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. दिवसभर दुसऱ्यांचे श्वास सांभाळणारी बाई शनिवारी स्वतःचा श्वास सांभाळायला तिथे येत होती. मध्यंतरात तू फॉइलमधून थालीपीठं काढलीस आणि ते म्हातारे लोण्यासाठी भांडले. एक जण मला म्हणाला, "She's a bloody good shot, your mate." मला उगाचच अभिमान वाटला.

परतताना मी फक्त एवढंच म्हटलं की इथे एवढे कडक नियम आहेत हे बरंच आहे. तू गाडी चक्क रस्त्याच्या कडेला घेतलीस.

"बरंच आहे? वैजू, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. आज ही रायफल नको म्हणतील, उद्या ती नको. परवा एअरगन. मग स्वयंपाकघरातली सुरी. मग लाटणं!"

"लाटण्याला लायसन्स लागलं तर मी पहिल्या दिवशी जाऊन परत करीन."

"हसू नकोस. एकदा उतार सुरू झाला की माणूस खालीच जातो."

ह्या वाक्यावर मी चिडले. माझ्या धंद्यातलं वाक्य होतं ते. मी तुला म्हटलं, बाई, मी उतारावरच काम करते. ह्या गावात डोंगर ते समुद्र एक रस्ता सपाट नाही. उतारावर लोक घरं बांधतात, बसची वाट बघतात, मुलांना सायकल शिकवतात. आम्ही कडेला कठडा घालतो, मध्ये गतिरोधक घालतो, पाण्याला बाजूने वाट काढून देतो. तुझं स्वतःचं घर उतारावर आहे, तू रोज सकाळी समुद्रात जाऊन पडतेस का?

"आणि वारा सुटला की माझा कचऱ्याचा डबा कुठे जातो?"

"माझ्या दारात."

"बघ," तू म्हणालीस आणि गाडी सुरू केलीस.

ते भांडण मग वर्षानुवर्षं चाललं. तुझ्या ड्राइव्हवेमध्ये, माझ्या ओट्यापाशी, समुद्रकाठी चालताना. पोर्ट केंबलाच्या पोलादाच्या कारखान्याचा धूर कुठल्या बाजूला जातोय हे बघत आपण कायद्याच्या कलमांवर घसा बसेपर्यंत बोलायचो. दुसऱ्या बायका साड्या आणि सुनांवर बोलतात म्हणे.

मला वेड लागायचं ते तुझ्या वागण्याने. नियम पाळण्यात तुझ्याइतकी काटेकोर बाई मी पाहिली नाही आणि नियमांना शिव्या देण्यातही. रायफलचं कपाट पोलादी, भिंतीत बोल्टने ठोकलेलं. गोळ्या वेगळ्या कुलपात. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हाती चावी लागता कामा नये, म्हणजे दिलीपच्याही नाही. बिचाऱ्याला तुझा बँकेचा पासवर्ड माहीत होता, तुझं खरं वजन माहीत होतं, पण त्या कपाटाची चावी कुठे असते हे माहीत नव्हतं. मी विचारलं, कायदा इतका जाचक वाटतो तर पाळतेस कशाला एवढा? तू म्हणालीस, "पाळणाऱ्यालाच बोलायचा हक्क असतो."

आणि ती खंडेनवमी! नवमीला शस्त्रं पुजायची, तुझ्याकडे शस्त्र आहे, तेव्हा ते चौरंगावर मांडून त्याला हळदकुंकू वाहायचं, असं तू ठरवलंस. वर मंडळाच्या लोकांना फराळाला बोलावलंस. मी सकाळी मदतीला आले तर चौरंग मांडलेला, रांगोळी काढलेली, झेंडूची माळ ओवलेली. मी म्हटलं, शुभा, कपाटाबाहेर ती फक्त वापरासाठी काढायची असते. पूजा म्हणजे वापर का?

"अर्थात वापर. आमच्याकडे शस्त्राचा वर्षातला सगळ्यात मोठा वापर हाच."

"हे पोलिसांना सांगून बघ. घरात दहा पोरं धावत येणार आहेत."

"रायफलचा बोल्ट काढून ठेवीन, मग ती उडणारच नाही."

"तरी नाही."

तुझ्या नाकपुड्या फुगल्या होत्या. मग तू चौरंग उचललास आणि जिन्याखाली त्या कपाटापुढे नेऊन ठेवलास. बंद कपाटाच्या दाराला पाच बोटं हळदकुंकू लावलंस, वर झेंडूची माळ अडकवलीस आणि आरती म्हटलीस. माझ्या लेकीने, ईशाने, सगळ्यांसमोर विचारलं, "Shubha maushi, why are we praying to a cupboard?" तू तिला म्हणालीस, "Ask your mother." आणि मला मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "बघून ठेव वैजू. आज बंद कपाट पुजलं, पुढच्या वर्षी कपाटाचा फोटो पुजायला सांगशील." त्यानंतर दर वर्षी कपाटाचीच पूजा झाली. फोटोवर कधीच आली नाही. मी हे तुला दर वर्षी दाखवून द्यायचे आणि तू दर वर्षी म्हणायचीस, "अजून नाही."

पण तू मला बरोबर पकडायचीस. ईशा शाळेत जायला लागली आणि घरात इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली तेव्हा मी आकांडतांडव केलं. आज 'I'm hungry' म्हणतेय, उद्या वरणभात नको म्हणेल, परवा आजीशी फोनवर बोलणार नाही. तू सोफ्यावर बसून शांतपणे लाडू खात होतीस. "इंजिनियर बाई," तू म्हणालीस, "कठडा कुठे घालताय?" मी त्या दिवशी तुझ्याशी बोलले नाही. आता ईशा युनिव्हर्सिटीत आहे. मराठी समजतं, बोलत नाही. वरणभात मात्र तुपासकट ओरपते. म्हणजे अर्धा मुद्दा तुझा, अर्धा माझा, पण हा हिशोब आपण कधी बसून केलाच नाही.

एकदाच तू भांडणाच्या आतलं काहीतरी दाखवलंस. आपण पॅरामॅटाला कुणाच्या तरी डोहाळजेवणाला निघालो होतो. गाडी समुद्राच्या काठाकाठाने चालली होती आणि मी नेहमीप्रमाणे सुरू केलं होतं की उताराचा मुद्दा हा मुद्दाच नव्हे, ती नुसती भीती आहे. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "कॉलेजात असताना मला दिल्लीच्या नेमबाजीच्या कॅम्पसाठी निवडलं होतं. बाबा म्हणाले, या वेळी नको. फक्त या वेळी. मग संध्याकाळची प्रॅक्टिस नको, कारण परतताना अंधार पडतो. प्रॅक्टिस नाही तर सायकल कशाला, म्हणून सायकल नको. प्रत्येक कारण बरोबर होतं गं. एकही कारण खोटं नव्हतं. आणि एक दिवस बघते तर घर, कॉलेज, घर."

मला तुझा राग आला होता, की इतकी वर्षं रायफल, सुरी, लाटणं असला तमाशा करत राहिलीस आणि हे सांगितलं नाहीस. माझं उत्तर मला पुढच्या आठवड्यात सुचलं. मी तुझ्या ड्राइव्हवेमध्ये येऊन म्हटलं, शुभा, बाबांपुढे अपील नव्हतं. इथे तू खासदाराला पत्र लिहितेस, सुनावणीला जाऊन हरकत नोंदवतेस, निवडणुकीत त्याला पाडायचा प्रयत्न करतेस. जिथे 'इथवरच' म्हणायची सोय आहे, तिथे घसरायची भीती कशाला? आणि ज्यांच्या घरातलं कुणी गोळीने गेलं त्यांनाही बोलायचा हक्क आहे की नाही? तू गाडी धूत होतीस. पाइप माझ्या पायांकडे वळवलास आणि म्हणालीस, "उशिरा आलेलं उत्तर धरत नाहीत." पण तू विचारात पडली होतीस. मला दिसलं ते.

मग तो आजार आला. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, तिथून सुरुवात. हातापायांतली ताकद थोडी थोडी काढून नेणारा आणि डोकं मात्र शाबूत ठेवणारा आजार. तू स्वतः डॉक्टर, तुला पुढचं सगळं माहीत होतं. मला तू ते हॉस्पिटलातल्या रोग्याच्या नातेवाइकाला सांगावं तसं सांगितलंस, न थांबता, आणि शेवटी विचारलंस, "काही प्रश्न?" मी रडायला लागले तर चिडलीस. नोकरी तू आपणहून सोडलीस. कुणी सुचवायच्या आत.

आणि एका दुपारी माझ्या व्हरांड्यात बसून तू ते काम माझ्या गळ्यात मारलंस. "वैजू, रायफलचं बघावं लागेल. क्लबातल्या लोकांचं माझ्यावर प्रेम आहे, ते बोलणार नाहीत. दिलीपची हिंमत नाही. माझा डॉक्टर कळवेल, मग पोलिसांचा कागद येईल, पण मला कागदाने सांगितलेलं नको आहे. ज्या दिवशी तुला वाटेल की आता पुरे, त्या दिवशी तू सांग. मी देऊन टाकीन."

"आणि वाद?"

"घालणार नाही."

किती लबाड होतीस तू! वर्षानुवर्षं मी कायद्याची बाजू घेत आले ती एवढ्यासाठीच की कायद्याला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. आणि तू मलाच कायदा करून टाकलंस. मला तेव्हा तुझा इतका संताप आला होता की मी तुला दुसरा चहासुद्धा विचारला नाही. पुढचे काही महिने मी तुझ्या हातांवर नजर ठेवण्यात घालवले. रेंजवर ते म्हातारे रायफल उचलून टेकूवर ठेवून द्यायचे, तू चटईऐवजी खुर्चीवर बसायचीस आणि तरी नेम चुकायचा नाही. प्रत्येक वेळी तू वळून माझ्याकडे बघायचीस आणि मी म्हणायचे, "अजून नाही."

मग पोलीस बाई आल्या. नेहमीची तपासणी, कपाट नीट आहे का, नंबर जुळतो का. आधी फोन करून आल्या होत्या. मी होतेच. चावी कुठून काढतेस ते दिसू नये म्हणून दिलीप नियमाप्रमाणे मागच्या अंगणात गेला आणि आधीच ओल्या असलेल्या झाडांना पाणी घालायला लागला. तू जिन्याखाली खुर्ची ओढून बसलीस, चावी कुलपात घातलीस आणि ती फिरेना. दोन्ही हातांनी धरलीस, तरी फिरेना. पोलीस बाई फार चांगल्या होत्या. "No worries, love, take your time," म्हणाल्या. तू कपाळावरचा घाम मनगटाने पुसलास आणि पुन्हा प्रयत्न केलास. मला बघवेना. मी पुढे होऊन चावीला हात लावणार तर त्या हलकेच म्हणाल्या, "Sorry, not you."

बरोबरच होतं त्यांचं. माझ्याकडे परवाना नव्हता. ज्या नियमासाठी मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले, तोच नियम माझा हात धरून उभा होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि अशा वेळीसुद्धा, अगं अशा वेळीसुद्धा, तुला हसू आलं. "घे," तू म्हणालीस, "तुझा कायदा." आणि मग हसू गेलं आणि तू नुसती बघत राहिलीस. मला कळलं, तू विचारते आहेस.

मी म्हटलं, "शुभा, पुरे. देऊन टाक."

तू वाद घातला नाहीस. एक शब्द नाही. 'भटाला दिली ओसरी' नाही, सुरी नाही, लाटणं नाही. मी तिथे उभी राहून वाट बघत होते की आता काहीतरी टाकून बोलशील. तू पोलीस बाईंकडे वळलीस आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणालीस, "I'd like to hand it in. Today, please, if that's all right." त्यांनी फोन करून विचारलं, तुझी परवानगी घेऊन कुलूप उघडलं, रायफल बाहेर काढली. "Check the chamber," तू दरडावलंस. "Always check." त्या म्हणाल्या, "Yes, doctor." कपाटाच्या दारावर अजून हळदीचा पिवळा डाग होता. त्यांनी तो पाहिला.

गाडी गेल्यावर दिलीप आत आला. त्याने तुझ्याकडे पाहिलं, रिकाम्या कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता तरी सांग, चावी कुठे असायची?" तू म्हणालीस, "साबुदाण्याच्या डब्यात." तो साबुदाण्याला जन्मात हात लावत नाही. आपण तिघं इतके हसलो की तुला ठसका लागला आणि तो लवकर थांबेना, आणि मग आपण घाबरलो.

त्या दिवशी मी जिंकले, शुभा. असलं जिंकणं मला नको होतं.

पुढे सगळं तू भाकीत केल्याप्रमाणे झालं. गाडीची किल्ली तू आपणहून दिलीपपुढे ठेवलीस. मग सुरी. कांदा चिरताना ती हातातून निसटून पायाशी पडली आणि दिलीपने मुकाट्याने सुऱ्यांचा खण रिकामा केला. "लाटणं उरलंय अजून," तू म्हणालीस. मग जिना गेला, मग फोन धरणं गेलं, मग गिळणं. आज बंदूक, उद्या सुरी, जसंच्या तसं. सरकारने हे केलं असतं तर मी फलक घेऊन तुझ्या पुढे मोर्चात चालले असते. पण ह्यातलं काहीच कुणी कायदा करून काढून घेतलं नव्हतं. इथे हरकत नोंदवायला खिडकीच नव्हती. मी इतकी वर्षं सांगत होते की उतारावर माणसाला पाहिजे तिथे थांबता येतं. ते बोलताना माझ्या डोक्यात रस्ते होते. तुझ्या शेजारी बसून मला कठडा घालायला एकही जागा सापडली नाही.

शेवटी शेवटी तू हॉस्पिटलात होतीस. खिडकीतून डोंगर दिसायचा. तुझं बोलणं एकेक शब्दावर आलं होतं, ऐकायला कान अगदी जवळ न्यावा लागायचा. मी मुद्दाम उकरून काढलं, म्हटलं तेवढीच तुला तरतरी येईल. "बोला डॉक्टर, शेवटचा मुद्दा काय?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं दमलीस. मग एकेक शब्द सुटा करत म्हणालीस, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही."

इतक्या वर्षांच्या भांडणात ही म्हण आपल्या दोघींच्या तोंडी एकदाही कशी आली नव्हती कोण जाणे. तिच्याइतकी मुद्द्याला धरून दुसरी म्हण नाही. मी पुढचं म्हणून टाकलं, "काळ सोकावतो."

तू बोट खोलीभर फिरवल्यासारखं केलंस. मी, दिलीप, दारात उभी ईशा. आपल्या सगळ्या गोतावळ्यातली पहिली तू. आता काळाला घर माहीत झालं, आता तो एकेकाला न्यायला येत राहणार, असा तुझा मुद्दा. तू मरताना उताराचा मुद्दा मांडत होतीस! मी भडकले. "म्हातारी कोण? तू कुठली म्हातारी? साठी तरी झाली का तुझी?"

"मुद्द्यावर," तू म्हणालीस. "मुद्द्यावर बोल."

मी म्हटलं, उद्या येते उत्तर घेऊन. तू भुवई उडवलीस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तू झोपलेली होतीस आणि मग उठलीच नाहीस. ईशा तुझ्या कानाशी वाकून काहीतरी पुटपुटत होती. मराठीत होतं.

तेव्हापासून मी बघतेय, सगळे तुझ्याच बाजूने बोलतायत. दिलीपला भेटायला येणारे दोन मिनिटं तुझ्याबद्दल बोलतात आणि मग हळूच स्वतःवर येतात. आता आपलंही वय झालं. आता आपल्या पिढीचा नंबर. कुणी रक्त तपासून घेतलं, कुणी मृत्युपत्र करायला टाकलं, कुणी जिम लावली. परवा चहाचा ट्रे घेऊन मी त्यांच्यामध्ये उभी होते आणि मला कप फेकून मारावेसे वाटले. काळ सोकावेल, काळ सोकावेल, एवढीच सगळ्यांना काळजी.

तर माझं उत्तर ऐक. उशिरा आलेलं धरत नाहीस, तरी ऐक. काळाला चटक लागायची असेल तर खुशाल लागू दे. तो माझ्या दारात येईल तेव्हा मी आणि तो बघून घेऊ. सबंध म्हणीशी मला भांडायचं नाही. तिचा पहिला अर्धा भाग तेवढा खोटा आहे. मला म्हातारी मेल्याचंच दुःख आहे, शुभा.